कीप, होल्ड, रिटेन

मला पाहायला आले तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती: लग्नानंतर शिकवू द्या. इंग्रजी घेऊन एम.ए. झाले होते आणि कॉलेजात शिकवायचं, याखेरीज दुसरं काही मनात नव्हतं. नवऱ्यामुलाने वडिलांकडे पाहिलं. होकार दिला तो त्याच्या वडिलांनी. "आमच्या घरात इंग्रजीची सून येणार, तिला चुलीपाशी बसवू का आम्ही?" ते म्हणाले. मी साताऱ्याची, ते तंजावरकडचे मराठी, मद्रासला स्थायिक झालेले. त्या एका वाक्यावर मी लग्नाला तयार झाले.

सासरे निवृत्त इंग्रजी शिक्षक. तिरुवल्लिकेणीच्या आमच्या गल्लीतले अर्धे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मी चक्रावले. "मला कॉफी होणे," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा हे कॉफी होणार म्हणजे काय, तेच कळेना. त्यांना कॉफी हवी होती. रोज दुपारची कॉफी झाली की आमचा खेळ चाले. रोजच्या वापरातला एखादा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याची हाडं मोजायची. सासूबाईंना तो रिकामटेकडेपणा वाटे. मला मात्र त्या अर्ध्या तासासाठी दिवस काढावासा वाटे. त्या घरात माझ्याशी माझ्या विषयाबद्दल बोलणारा तो एकच माणूस होता आणि माझा त्यांच्यावर फार जीव होता.

तांबरमच्या एका कॉलेजात जागा निघाली तेव्हाही धावपळ त्यांनीच केली. तिथले विभागप्रमुख त्यांचे जुने विद्यार्थी. मुलाखत चांगली झाली. मग आठवडे गेले. मी विचारायची आणि ते म्हणायचे, "येईल बाळे. कॉलेजचा कारभार, घाई करूनको." मी गाड्यांच्या वेळा पाठ करून ठेवल्या होत्या.

त्या दिवशी शब्द होता 'कीप'. मी तांदूळ निवडत होते, ते पुढे झोपाळ्यावर. दुकान चालवणं म्हणजे कीप, कोंबड्या पाळणं म्हणजे कीप, गप्प राहणंसुद्धा कीप. मद्रासच्या उकाड्यात दूध टिकत नाही, तेही कीपच. एक अर्थ, ठेवलेल्या बाईचा, त्यांनी खोकून गाळला. तो आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. मग समानार्थी. होल्ड हाताचा, रिटेन कचेरीचा, प्रिझर्व्ह लोणच्याचा, असं त्यांनी समजावलं. मी माझ्या बाजूने मराठी शब्द काढले: राखणं, पाळणं, जपणं, सांभाळणं. "तुमच्याकडे एवढे की?" ते खूश होऊन म्हणाले. "आम्ही अस्की गोष्टींना ठेवणेच म्हणतो." अस्की म्हणजे सगळ्या, हे एव्हाना मला कळत होतं.

तेवढ्यात नवरा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून आला. बूट काढता काढता त्याने वडिलांना काहीतरी विचारलं, तमिळमध्ये.

इथे त्या घराची एक रीत सांगायला हवी. भाजीवाल्यासमोर भाव ठरवायचा असला की ही मंडळी आपसात मराठीत बोलत, कारण ती त्याला येत नसे. माझ्यासमोर काही झाकायचं असलं की तमिळ. मी समोर बसलेली असले तरी कुणी आवाजसुद्धा खाली करत नसे. मला तमिळ येत नाही हे त्यांनी गृहीत धरलं होतं, कारण मी नवीन असताना जे दोन शब्द बोलले त्यावर नवरा पोट धरून हसला होता. तेव्हापासून मी घरात तमिळचं नाव काढलं नाही. पण पाणी भरायला कोपऱ्यावरच्या पंपावर मीच जात होते. तिथल्या रांगेत बायकांनी मला आधी भांडायला शिकवलं, मग बोलायला. एक दिवस सासऱ्यांसमोर अख्खं वाक्य न चुकता बोलायचं आणि त्यांना चकित करायचं, असं मी ठरवलं होतं. त्यांच्या तोंडून शाबासकी हवी होती मला.

नवऱ्याने विचारलं होतं, तांबरमचं काय झालं? सासरे म्हणाले, ते केव्हाच मिटवलं. मुलाखतीनंतर दुसऱ्याच आठवड्यात मी जाऊन सांगून आलो, सून स्वतःच नको म्हणते. तुझ्या आईचे गुडघे असे, ही रोज तांबरमला गेली तर घर कोण बघणार? त्यांनी दुसरी बाई घेतलीसुद्धा.

"हिला कळलं तर?" नवऱ्याने विचारलं.

"अवळुक्कु पुरियादु," सासरे म्हणाले. तिला समजत नाही. आणि माझ्याकडे पाहून नेहमीसारखे मायेने हसले.

त्या हसण्याने मला सगळ्यात जास्त लागलं. नवऱ्याकडून मी फारशी आशा धरलीच नव्हती. पण ज्या माणसाने शब्द दिला, मुलाखतीला नेलं, त्यानेच माझ्या तोंडी नकार घातला होता आणि त्यानंतर इतके आठवडे रोज माझ्यासमोर बसून कॉफी प्यायली होती. सूप बाजूला ठेवून मी म्हणाले, "एल्लाम पुरिंजुदु." सगळं समजलं. उच्चार अगदी बरोबर आला.

झोपाळा थांबला. सासऱ्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील, निदान नजर तरी खाली घालतील.

"कधीपासून कळते तुला?" त्यांनी विचारलं.

"वर्ष होऊन गेलं."

त्यांचा चेहरा पडला. डोळ्यांत खरंच पाणी आलं. "वर्षभर आमच्यात बसून आमचं बोलणं ऐकत होतीस," ते म्हणाले. "पोरी, तू आम्हांला फसवलंस."