नाक्यापलीकडचा गहू

जगात देश किती, असं आमच्या मामंजींना कुणी विचारलं असतं तर त्यांनी पहिला ग्वाल्हेर सांगितला असता आणि दुसरा आठवायला मुदत मागून घेतली असती. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्या लेखी झाशी हे परराष्ट्र होतं, चंबळ ओलांडली की विलायत लागत होती, आणि आग्र्याला कुणाच्या मुंजीला जायचं झालं तर ते सुरईत ग्वाल्हेरचं पाणी भरून नेत. मी इंदूरची. माझं स्थळ सांगून आलं तेव्हा मुलीचा रंग, उंची, स्वयंपाक यांतलं काहीही न विचारता त्यांनी एवढंच विचारलं म्हणतात, की ग्वाल्हेरात मुली संपल्या काय? पुढे लग्न इंदुरातच लागलं. मंगलाष्टकं चालली होती, सगळा मांडव आमच्या डोक्यावर अक्षता उधळत होता, आणि मामंजी आपल्या मुठीतल्या अक्षता एकेक करून दाताखाली फोडून पाहत होते. शेवटचं 'सावधान' झालं तेव्हा त्यांचे ओठ कुंकवानं लाल झाले होते. ते माझ्या वडिलांना म्हणाले, "तांदूळ जुना आहे. पण घरच्या शेतातला नाही." हा टोमणा की कौतुक, हे माझ्या वडिलांना बरीच वर्षं कळलं नाही.

मामंजी दरबारच्या शेतकी खात्यात होते. मुरारच्या पुढे खात्याचा बियाण्याचा एक मळा होता, तो त्यांच्या ताब्यात होता, किंवा खरं सांगायचं तर ते त्या मळ्याच्या ताब्यात होते. चंबळेच्या बाजूला जमीन हलकी, विहिरी खोल, आणि पिकाला पाणी मिळालं तर एखाद्या पाळीचं. तिथं पिकेल असा गहू त्यांनी वर्षानुवर्षं ओंब्या निवडनिवडून तयार केला होता. मळ्यावर जाताना ते बंद गळ्याचा कोट आणि पगडी घालून जात, आणि बांधावर पोचले की जोडे काढून ठेवत. एकदा माघाच्या थंडीत दव गोठून पांढरं झालेलं असताना ते असेच अनवाणी शेतात शिरले. सासूबाई ओरडल्या, "अहो, पाय फुटतील!" त्यावर मामंजी म्हणाले, "हा रात्रभर उघडा उभा आहे, आणि मी दोन घटका उभा राहिलो तर मरून जाणार काय?" घरी पोळीचा पहिला घास ते डोळे मिटून चघळत आणि गहू कोणत्या वाफ्यातला ते सांगत. बरोबर सांगत की नाही हे तपासायची आमच्याकडे काही सोय नव्हती, पण सांगण्याचा थाट असा असे की शंका घेणाराच ओशाळावा.

दरबारचं धोरण त्या काळी सरळ होतं. आपलं धान्य आपल्या रयतेसाठी. सरहद्दीवर नाके, नाक्यावर जकात, आणि बियाणं तर परवानगीशिवाय हलायचंच नाही. खात्यातले इतर लोक हे धोरण कचेरीपुरतं पाळत. मामंजी ते घरातसुद्धा पाळत. बाहेरच्या संस्थानातून आलेली कुठलीही खाण्याची वस्तू उंबऱ्यावर थांबे, आणि मामंजी त्यातली मूठभर जकात म्हणून काढून घेत. माझ्या आईनं पाठवलेला शेवेचा डबा असाच उंबऱ्यावर उघडला जाई. मामंजी वाटीभर शेव काढत, तिथंच उभ्याउभ्या खात, आणि मग डबा आत सोडत. नवी होते तेव्हा मला याचा फार राग येई. मग लक्षात आलं, की शेव चांगली असली तर ते म्हणत, "माल किमती दिसतो. मोजणीत चूक झाली असावी," आणि पुन्हा वाटी भरत. माझ्या आईचं इतकं कौतुक माझ्या वडिलांनीही कधी केलं नव्हतं.

मग संस्थानं विलीन झाली. ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची लहानमोठी राज्यं मिळून एकच नवं राज्य झालं आणि मधले नाके उठले. ग्वाल्हेरात कोणी दिवे लावले, कोणी डोळे पुसले. मामंजींनी यांतलं काहीच केलं नाही. पण त्यानंतर इंदूरहून पहिला डबा आला, मी सवयीनं तो उंबऱ्यावर उघडून धरला, आणि मामंजी मागे सरकले. म्हणाले, "नाही सूनबाई. आता घेता येत नाही. नाका उठला." आणि खरोखर घेतली नाही. दिवसभर घरात शेवेचा वास दरवळत होता आणि हे पाठ फिरवून बसले होते. अखेर सासूबाईंनी जेवणात, पानात वाढलेली म्हणून घातली, तेव्हा कुठे खाल्ली. कायदा बदलला तर तो स्वतःला लागू करणारा पहिला माणूस मी माझ्या घरात पाहिला. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला आणि कीवही आली.

खरी कसोटी पुढेच होती. दोन राज्यांची दोन शेतकी खाती एक झाली आणि नवं धोरण आलं, की आता सगळ्या राज्याला मिळून थोडीच, निवडक बियाणी. जो गहू माळव्याच्या काळ्या जमिनीत येतो आणि आमच्या बाजूच्या हलक्या जमिनीतही येतो, त्यालाच सरकार पोसणार. बाकीचे बंद. यात वाईट काही नव्हतं, असं आता मला वाटतं. एवढ्या मोठ्या राज्यात प्रत्येक गावाचे लाड कोण पुरवणार? पण मामंजींच्या गव्हाचं नाव कापलं जाणार, अशी बातमी आली आणि त्यांचं जेवण तुटलं. पहिला घास ते अजून डोळे मिटूनच खात, पण वाफा सांगत नसत.

पाहणीसाठी इंदूरहून एक साहेब आले. चष्म्याचे, मृदू बोलणारे, आणि माझ्या माहेरच्या बोलीत बोलणारे, म्हणून मला ते उगीचच आपले वाटले. मामंजींनी त्यांना मळा दाखवला आणि जेवायला घरी आणलं. "धोरण कचेरीत नाही, ताटात कळतं," असं त्यांचं मत होतं. सासूबाईंनी आणि मी त्या गव्हाच्या पुरणपोळ्या केल्या. साहेबांनी तिसऱ्या पोळीलाही नाही म्हटलं नाही. मग हात थांबवून म्हणाले, "पोळी अप्रतिम आहे. पीकही मी डोळ्यांनी पाहिलं. माझी अडचण एवढीच, की हा गहू माळव्यात कुठे पेरून पाहिला आहे का?"

मामंजींची छाती फुगली. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहावी असा प्रश्न त्यांना विचारला गेला होता. "माळव्यात? साहेब, आम्ही इथे काय झोपून राहिलो होतो काय? माझ्या हयातीत याचा एक दाणा मी नाक्यापार जाऊ दिला नाही!"

साहेब हळूच म्हणाले, "मग माझा नाइलाज आहे. तिकडे तो कुणी पाहिलेलाच नाही. मी कशाच्या जोरावर शिफारस करू?"

स्वयंपाकघराच्या दारातून मला मामंजींचा चेहरा दिसत होता. आपण काय बोलून बसलो हे त्यांना उमगायला वेळ लागला. ज्या गोष्टीसाठी ते ताठ मानेनं जगले, तीच त्यांच्या गव्हाच्या गळ्याशी आली होती. त्यांनी इतका जपला, की तो कुणाला माहीतच झाला नाही. पाटावर बसलेला तो धिप्पाड माणूस एकदम लहान दिसायला लागला. आणि तेवढ्यात तूप वाढायला वाकलेल्या सासूबाई वर न बघता म्हणाल्या, "मग दर वर्षी सुनेच्या ओटीत मी काय वाळू घालून राहिले होते?"

माहेरी निघालेल्या सुनेची ओटी भरल्याशिवाय कोणती सासू तिला उंबऱ्याबाहेर पाठवते? खण, नारळ आणि ओंजळभर गहू. घरात गहू मळ्यावरचाच असायचा, मामंजी तो खात्याकडून रीतसर विकत आणत. मी निघाले की मामंजी स्टेशनपर्यंत पोचवायला येत, आपल्याच सुनेची ट्रंक उघडून कुठे बियाणं चाललंय का ते बघत, आणि मग मला आशीर्वाद देत. भरलेला पदर त्यांच्या समोर असे. पण सुवासिनीच्या ओटीकडे रोखून बघण्याचं त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं, आणि नाक्यावरच्या शिपायांच्याही नव्हतं. इंदूरला पोचले की माझी आई म्हणे, "व्याह्यांकडची लक्ष्मी आहे, जात्यात घालायची नाही." म्हणून माझे वडील ते गहू विहिरीमागच्या तुकड्यात पेरत. पहिल्या वर्षी वाफाभर झाले, त्याचंच बी पुढच्या वर्षी. आता तो सगळा तुकडा त्याच गव्हाचा होता. मला त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

"सूनबाई," मामंजींनी हाक मारली. आवाज चढलेला होता. मी दारात येऊन उभी राहिले. दरबारचा हुकूम त्यांच्याच घरातून, त्यांच्याच बायकोनं, त्यांच्याच डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं मोडला होता. मला वाटलं, आता पाट उधळला जाणार.

"ओंबी कशी भरते तिथे?"

मी म्हटलं, "चांगली भरते, मामंजी."

"तांबेरा?"

"वडील म्हणतात, बाकीच्या गव्हावर तो रोग पडला तरी याच्यावर पडत नाही."

मामंजी पानावरून अर्धवट उठलेच. "साहेब, इंदूरची गाडी किती वाजता आहे?" साहेब हसले, म्हणाले, अहो, आधी जेवून तर घ्या. सासूबाईंनी मामंजींच्या पानात पुन्हा तूप वाढलं आणि म्हणाल्या, "सुरईत पाणी भरू का?" त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.

ते इंदूरला गेले. तिथं काय झालं ते मला माझ्या वडिलांनी सांगितलं. विहिरीमागच्या तुकड्याच्या बांधावर मामंजींनी जोडे काढले, आत शिरले, आणि साहेब टिपणं घेत होते तोवर ते नुसते गव्हात उभे राहिले. मग वाकून मूठभर काळी माती उचलली आणि म्हणाले, "व्याही, माती तुमची आमच्यापेक्षा बरी आहे." माझे वडील म्हणत, ग्वाल्हेरचा किल्ला हवाली करताना कुणी यापेक्षा सभ्यपणे बोललं नसेल.

गहू यादीत राहिला. पण साहेबांनी पुढचा प्रश्न त्यांनाच टाकला, की आता बियाणं तयार कुठे करायचं? एका ठिकाणीच करता येईल, दोन मळे परवडणार नाहीत. माळव्यात दाणा जास्त भरत होता, हे मामंजींनी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी ते लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्यांनी माळवा सांगितला. मुरारच्या पुढचा मळा बंद झाला. घरी आल्यावर आमचे हे चिडून म्हणाले, "बाबा, आपल्या हातानं आपला मळा देऊन टाकलात?" मामंजी म्हणाले, "चंबळेकडच्या माणसाला पेरणीच्या वेळी बी मिळायला पाहिजे. ते कुठल्या मळ्यातून आलं हे तो पुसणार आहे काय?" आणि पगडी खुंटीला लावून आंघोळीला गेले. त्या दिवशी त्यांनी खूप वेळ आंघोळ केली. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, ते साबणानं झाले असं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

पुढे राज्यांची पुन्हा नव्यानं मांडणी झाली, राजधानी भोपाळला गेली, आणि आमचं ग्वाल्हेर बाकीच्या जिल्ह्यांसारखा एक जिल्हा झालं. मामंजी तेव्हा निवृत्त झाले होते. एकदा मी त्यांच्याबरोबर पाटणकर बाजारात गेले होते. धान्याच्या दुकानासमोर ते अचानक थांबले. पोत्याचं तोंड उघडं होतं. आपलं पोर गर्दीत ओळखायला कुणाला खूण लागते? दुकानदार उत्साहानं पुढे झाला. "लीजिए बाबूजी, इंदौर का गेहूँ है. अपने ग्वालियर में ऐसा कहाँ होता है!"

माझं डोकं फिरलं. मी त्याला चांगलं सुनावणार होते, तोच मामंजींनी हात किंचित वर केला. "लोग ले जा रहे हैं?" त्यांनी विचारलं.

"हाथोंहाथ, बाबूजी."

"अच्छा. थोड़ा तौल दो."

घरी कोठी भरलेली होती. तरी त्यांनी तो गहू घेतला, आणि टांग्यात पिशवी पायाशी न ठेवता मांडीवर घेऊन बसले. मला राहवेना. मी म्हटलं, "मामंजी, त्याला सांगायचं होतं, की हा गहू ग्वाल्हेरचा आहे, तुमचा आहे."

"आता नाही राहिला तो ग्वाल्हेरचा," ते म्हणाले. "जिथे नांदतो तिथला झाला. आणि तुम्हाला नाही काय तुमच्या माहेरी ग्वाल्हेरवाली म्हणत?"

मामंजींना जाऊन आता खूप वर्षं झाली. अजूनही इंदूरला गेले की कुणीतरी अंगणातून आत ओरडतं, "अगं, ग्वाल्हेरवाली आली!" पूर्वी मला ते बोचायचं. आता मी मुद्दाम जरा दारात थांबते, म्हणजे त्यांनी पुन्हा एकदा म्हणावं.