एक्स-रेवरचा अंगठा

आधीच सांगते, मी डेंटिस्ट आहे आणि भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. तरी हे लिहितेय... कारण पोटात ठेवून ठेवून कंटाळले.

अकोल्याच्या ज्या सरांकडे मी एक्स-रे वाचायला शिकले, त्यांची एक पद्धत होती. एक्स-रेमधल्या दुखऱ्या दातावर ते स्वतःचा अंगठा ठेवायचे. "हा कुठी पळून नाई जात. आधी बाकीचं वाच." लहानपणी कडबा कापताना त्या अंगठ्याचा एक कोपरा उडाला होता, म्हणून आम्ही मागे हसायचो. पण त्यांच्यासारखी नजर मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

मागच्या वर्षी माझ्या अमरावतीच्या क्लिनिकमध्ये बडनेऱ्याचे सलीमभाई आले. उजवी दाढ ठणकत होती. "मॅडम, उपटून टाका. मले ड्युटीवर जायचं हाय."

पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. स्क्रीनवर बघते तर नेमका त्या दाढेवर पांढरा डाग... एका कोपऱ्यात तिरपा कापल्यासारखा.

मी काही बोलायच्या आत सलीमभाईच म्हणाले, "हा अंगठा कोनाचा हाय, मॅडम?"

डिजिटल मशीनमध्ये अंगठा येणार कुठून? दाढ दिसेना, म्हणून बाकीचा फोटो वाचत गेले — आणि डाव्या जबड्याच्या पार टोकाला हाड आतून पोखरलेलं. तिथे ना दुखणं, ना सूज.

ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "उशीर केला असता तर भाकरी चावतानाही जबडा मोडला असता." सलीमभाई आज मजेत जेवतात. तो फोटो मात्र त्याच संध्याकाळी पुन्हा उघडला, तर डाग नव्हता. दाढ स्पष्ट दिसत होती. मशीनवाल्यानं तपासलं, मशीन ठीक होतं.

मग अकोल्याला गेले. सर लकव्यानं अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. काकू म्हणाल्या, "काहून आलीस एवढ्या उन्हात? त्यायले आता घरचेही ओळखू येत नाई."

मी मोबाईलवर तो फोटो सरांपुढे धरला. सरांनी बराच वेळ पाहिलं. मग बरा हात हळूहळू उचलला आणि अंगठा ठेवला... उजव्या दाढेवर. तोच आकार, तोच तिरपा कोपरा. नजर सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथेच थांबली. मला रडू आवरेना.

हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. सर अजून कोणालाच ओळखत नाहीत. एक्स-रे मात्र वाचतात... म्हणून दर रविवारी मी नवे फोटो घेऊन अकोल्याला जाते.