सासूबाईंच्या गळ्यात रोमन सम्राट

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतर "तिकडं जमीन हलते गं" म्हणत यायचं टाळणाऱ्या सासूबाई अखेर एका जानेवारीत आमच्याकडे टोकियोजवळच्या उरायासुला आल्या. आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून बोलायचो, नव्या पाहुण्यांशी बोलावं तसं.

एका रविवारी टोकियोत मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सासूबाई काळी पैठणी नेसल्या, गळ्यात पुतळ्यांची माळ, वरून माझ्या नवऱ्याचा जाडजूड कोट. परतताना थंडीने दात वाजायला लागले, म्हणून जरा ऊब घ्यायला स्टेशनाशेजारच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिरलो. वरच्या मजल्यावर जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथे उकडायला लागलं, तसा सासूबाईंनी कोट काढला.

काचेच्या कपाटामागचे वयस्कर विक्रेते त्यांच्या माळेकडे बघतच राहिले. "इंदो?" म्हणजे भारतातून का, असं विचारून त्यांनी लगबगीने मखमली ट्रे समोर ठेवला. लढाया जिंकल्यावर रोमन सम्राटांनी पाडलेली सोन्याची नाणी! एकावर पंखवाली विजयाची देवी ढालीवर काहीतरी लिहीत होती. दुसऱ्यावर शत्रूची शस्त्रं टांगलेला खांब, आणि खाली मान घालून बसलेली, हात बांधलेली बाई. या नाण्याच्या दुसऱ्या बाजूला सम्राटाचा चेहरा होता आणि वरच्या कडेला दोन भोकं.

"हे भारतात सापडलेलं," ते म्हणाले आणि मी मराठीत सांगत गेले. "मिरी न्यायला येणाऱ्या जहाजांतून ही नाणी यायची. तिकडच्या बायका ती गळ्यात घालायच्या."

"म्हणजे पुतळीच की!" सासूबाई म्हणाल्या. मग नाणं उलटसुलट करून बघत, "पण ही बिचारी रडतेय. ही बाजू आतच ठेवत असतील. हिला कोण चारचौघांत मिरवेल?"

मी हे जपानीत सांगितल्यावर विक्रेत्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी भेटवस्तूला बांधायची लाल फीत त्या भोकांतून ओवली आणि नाणं दोन्ही हातांनी पुढे केलं. सासूबाईंनी मान वाकवली, मी मागे गाठ मारली. सम्राट बरोबर त्यांच्या गळ्याच्या खळीत विराजमान झाले. आजूबाजूचे लोक "सुगोई, सुगोई", म्हणजे "भारीच!", करत टाळ्या वाजवायला लागले, आणि नेमकी इमारत हलली.

छताचे दिवे झोके घेऊ लागले. ट्रेमधली नाणी किणकिणली. मी सासूबाईंचा दंड घट्ट धरला, विक्रेत्यांनी कपाट धरलं. हादरे थांबताच त्यांनी कमरेत वाकून अशी माफी मागितली, जणू भूकंप त्यांच्याच दुकानातून आला होता.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मग हळूच मला म्हणाल्या, "अगं, मी आत्ता घाबरून जिन्याने पळत सुटले असते तर? पैठणी नेसलेली चोर! टीव्हीवर दाखवलं असतं मला."

मला हसू फुटलं. मग त्यांनाही. मी फितीची गाठ सोडायला लागले, पण ती काही सुटेना.

"आई, हलू नका हो!"

"मी कुठे हलतेय? तूच हलतेयस!"

विक्रेत्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण तेही डोळे पुसत हसत होते.

शेवटी नाणं परत करून निघालो आणि त्याच नादात उलट दिशेच्या गाडीत बसलो. चिडीचूप डब्यात सासूबाई तोंडाला पदर लावून, मी मफलर लावून. एकमेकींकडे बघायची सोय नव्हती.

घरी नवऱ्याने दार उघडलं. "अगं, होतात कुठे तुम्ही दोघी?"

"आम्ही ना, एका सम्राटाला..." सासूबाईंनी सुरुवात केली, आणि त्यांना हसू अनावर झालं. त्या भिंतीला टेकून दारातच खाली बसल्या. मीही बसले, त्यांच्या शेजारी, सगळ्यांच्या बुटांच्या ढिगात.