उसवलेली कॉन्टेसा

पिंपळवंडीच्या रत्ना रोकडेनं वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गंजून चाळण झालेली एक जुनी कॉन्टेसा गाडी ट्रॅक्टरला बांधून दारात आणली, तेव्हा तिचा नवरा धम्मपाल दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तो पतसंस्थेत शिपाई होता. जाता-येता लोक त्याला विचारायचे, "काय राव, भंगाराचं दुकान टाकलं का?" आणि तो मान खाली घालून सायकलला पायडल मारायचा.

रत्नाला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पंचवीस वर्षं तिनं बायकांचे ब्लाउज शिवले होते. स्कूटी चालवायची, तेवढाच तिचा यंत्राशी संबंध. शिलाई मशीनचा काय तो वेगळा. पण ही गाडी तिच्या ओळखीची होती. तिच्या माहेरचे, पिंपरी पेंढारचे रामनाथ नाना यांची ती गाडी. त्या काळी पंचक्रोशीत तशी लांबलचक, रुंद नाकाची गाडी दुसरी नव्हती. रत्नाच्या लग्नात नवरानवरीला पोचवायला नानांनी ती स्वतः काढली होती, आणि पेट्रोल टाकायचं विसरले होते. चढावर गाडी थांबली. नव्या नवरीनं पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि नवऱ्याच्या जोडीनं मागून गाडी ढकलली. संसारातलं दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

यंदा फेब्रुवारीत नानांच्या नातसुनेचे ब्लाउज द्यायला रत्ना तिकडे गेली, तर चिंचेखाली भंगारवाला गाडीभोवती फेऱ्या मारत होता. बॉनेटवर कोंबड्या बसलेल्या. खालचा पत्रा इतका कुजलेला, की आतून गवत वर आलेलं. रत्ना बघत उभी राहिली. मग स्वतःलाच नवल वाटावं अशा आवाजात म्हणाली, "नाना, ही मला द्या."

"काय करशील गं तिचं?"

"अजून ठरवलं न्हाई. पण आजवर समदं दुसऱ्याच्या मापाचंच शिवलं. एक काम माझ्या मापाचं करून बघते."

नाना हसले. भंगारवाला जे देणार होता तेवढंच त्यांनी घेतलं आणि वरून ती ओढून न्यायला आपला ट्रॅक्टरही दिला.

पहिले तीन आठवडे रत्नानं नुसतं खरवडलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की तोंडाला ओढणी बांधून वायर ब्रश घेऊन बसायची. मोबाईलवर व्हिडिओ बघायची, पण त्यातल्या माणसांकडे असलेलं एकही अवजार तिच्याकडे नव्हतं. जिथं ब्रश लागेल तिथं भोक पडायचं. एका भोकाची चार भोकं व्हायची, आणि संध्याकाळी अंगण लाल भुकटीनं माखलेलं असायचं. तिला कळून चुकलं, की नुसत्या रंगानं भागणार नाही. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा लागणार.

स्टँडजवळ चांगदेवचं ग्रिल-गेट बनवायचं दुकान होतं. रत्ना तिथं गेली आणि मला वेल्डिंग शिकवा म्हणाली. चांगदेवनं आधी टाळलं. मग हिच्या हातात पिशवी कसली म्हणून बघितलं, तर वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे. गाडीच्या प्रत्येक भोकावर कागद दाबून, खडूनं रेघ मारून तिनं साचे काढले होते, आणि शिलाईला कापड सोडतात तसा चारी बाजूंनी बोटभर कागद जास्तीचा ठेवला होता.

"हे कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"कुणी न्हाई. बाहीचा कागद असाच कापतात."

चांगदेवनं तिला डोळ्यांपुढे धरायची काळी काच दिली. पहिल्या दिवशी तिनं तीन तुकडे जाळले. पत्रा पातळ, मेणासारखा वितळून खाली गळायचा. तेव्हा चांगदेव म्हणाला, "ताई, रेघ ओढू नका. आधी इथं एक ठिपका, मग लांब तिकडं एक. पत्र्याला निवू द्या. मग मधले ठिपके भरा." रत्ना मनात म्हणाली, हा तर कच्चा टाका. आठ दिवसांत तिचा हात बसला. चांगदेवनं जुनं मशीन तिच्या अंगणात आणून ठेवलं आणि वेल्डिंगची वायर अन् गॅस यांचा खर्च तेवढा तुम्ही बघा म्हणाला.

पुढचं काम झपाट्यानं झालं, आणि त्या झपाट्यानंच घात केला. खालचा पत्रा बसवला. मग दारांखालचे लांब उंबरे राहिले. ते दोन्हीकडचे पार कुजलेले. लग्नसराई तोंडावर आली होती, त्याआधी मोकळं व्हायचं म्हणून रत्नानं दारं काढली, दोन्ही उंबरे एकदमच कापले आणि नवे जोडून टाकले. गंज धरू नये म्हणून तांबडा रेड ऑक्साइडही मारला. मग मोठ्या हौसेनं दार लावायला घेतलं, तर दार बसेना. वर बोट जाईना आणि खाली दोन बोटांची फट. दुसरीकडे तेच.

चांगदेव आला, गाडीला एक फेरी मारली आणि खाली बसला. गाडी पुढून-मागून टेकूवर होती, मध्ये काहीच नव्हतं. उंबरे म्हणजे या गाडीचं आढं, सगळा भार त्यांच्यावर. ते दोन्ही एकदम काढल्यावर गाडी पोटात वाकली आणि रत्नानं ती वाकलेलीच पक्की केली.

"माझीबी चूक हाये," तो म्हणाला. "तुमाला ठाऊक आसंल आसं धरून चाललो. आता दाराची कड घासू. लागंल दार. कुणाला दिसायचं बी न्हाई."

रत्नानं गाडीवर ताडपत्री टाकली आणि मशीनवर जाऊन बसली. बारा दिवस ती त्या बाजूला फिरकली नाही. ब्लाउज भराभर उरकले. जेवताना धम्मपालनं विचारलं, तर एवढंच म्हणाली, की लोक म्हणत होते तेच खरं, आपलं ते काम नव्हे, भंगारवाल्याला फोन करा.

धम्मपालनं ताट पुरं केलं. हात धुतला. मग दारातच उभा राहून म्हणाला, "ब्लाउज चुकला तर तू काय करतीस?"

"उसवते."

"मंग?"

"अहो, तो कपडा हाय. ह्यो पत्रा. तीन महिन्यांचं काम हाय माझं."

"माहीत हाय. रोज बघतोय." त्यानं हात पुसला. "मी सोमवारपासून रजा टाकलीय. मला कापायचं तेवढं दाखव."

लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती, पण या माणसानं न मागता काही दिलं, की रत्नाला अजून नवल वाटायचं. ती आत गेली आणि दुसऱ्या काळ्या काचेसाठी चांगदेवला फोन लावला.

या वेळी घाई नव्हती. पोटाखाली लाकडी ठोकळे लावून चुकीचे जोड उसवले, मग जॅकनं केसभर केसभर उचलत गाडी सरळ केली. दारांच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या जोडल्या, म्हणजे ती परत वाकू नये. मग उंबरे नव्यानं जोडले, एक बाजू आधी, ती पुरी झाल्यावर दुसरी. धम्मपालनं पहिल्याच दिवशी ग्राइंडरनं शर्टाची बाही फाडून घेतली. दर ठिपक्यानंतर रत्ना दोरीनं तिरकं माप घ्यायची, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि धम्मपाल ते पतसंस्थेच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचा.

अकराव्या दिवशी चांगदेवनं बिजागऱ्या आवळल्या आणि बाजूला झाला. रत्नानं दार हलकंच लोटलं. ते आपल्या वजनानं गेलं आणि ठप्प करून बसलं. तिनं उघडलं, परत लावलं. बोट फिरवून बघितलं; फट वरपासून खालपर्यंत सारखी. मग पलीकडचं लावलं. चांगदेवनं टोपी काढून डोकं खाजवलं. "गेटाचं काम कमी हाय तवा येत जावा दुकानात," तो म्हणाला. "परवाच ओतूरचा एक जण जीपच्या तळाला पत्रा लावून मागत व्हता. आसा कागद कापणारं मानूस माझ्याकडं न्हाई."

इंजिनाला रत्नानं हात लावला नाही. ते आळेफाट्याच्या हौशीराम मिस्त्रीनं पावसाळा सरल्यावर दीड महिना खोलून बसवलं. दिवाळीनंतरच्या एका सकाळी ते दोनदा ठसकलं आणि चालू झालं. कागदपत्रं नव्यानं व्हायची होती, म्हणून गाडी हमरस्त्यावर न्यायची नव्हती. मिस्त्री शेजारी बसला आणि रत्नाला म्हणाला, "चालवा." तिनं तीनदा बंद पाडली. चौथ्यांदा गाडी हलली आणि ऑक्साइडनं तांबडी, ठिगळांची, अजून रंग न दिलेली ती लांबलचक गाडी कांद्याच्या वाफ्यांमधल्या वाटेनं कालव्यापर्यंत गेली. मागं धम्मपालही त्यांच्यासारखाच पाटावर बसला होता, कारण सीटाच नव्हत्या.

सगळ्यांना वाटलं होतं, ही शिवणारी बाई आधी सीटाच शिवायला घेईल. त्या तिनं शेवटाला ठेवल्या. आता कापड आणायचं आहे. धम्मपाल म्हणतो निळं. रत्ना म्हणते, निळ्यावर धूळ लई दिसते. कापड अजून आणलेलं नाही.