खारीच्या तिवरांतला किडा

पुण्याहून पहाटे निघालेल्या एसटीनं मला भाईंदरजवळच्या काशीमीऱ्याला उतरवलं, तेव्हा ट्रकांच्या धुळीतून ऊन दुधासारखं झिरपत होतं. नव्वदच्या दशकातली, थंडीच्या दिवसांतली सकाळ. झाडांचा रस शोषणाऱ्या किड्यांची कुळं ठरवणं हे माझं काम. त्यातल्या एकानं मला अडचणीत आणलं होतं. माझ्या सरांनी तीस वर्षांपूर्वी, कुणीतरी भाईंदरहून पाठवलेल्या एका वाळक्या नमुन्याच्या पंखांच्या शिरा पाहून, त्याचं कुळ ठरवलं होतं. नराच्या शेपटाकडची रचना मला वेगळंच कुळ सांगत होती. निकाल डीएनए लावणार होता, आणि त्यासाठी ताजे किडे हवे होते.

सर निवृत्त झाले होते. निघताना एवढंच म्हणाले, "मी चुकलो असेन तर आधी मला सांग."

रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, खारी के आगे तो सिर्फ कीचड है."

"वहीं जाना है, भैया."

खारी गावाच्या मागे, मिठागरं संपतात तिथं तिवरं (खारफुटीची झाडं) उभी होती. ओहोटी लागली होती. पाणी इतकं हळू सरकत होतं, की आपणच कुठंतरी वाहत चाललोय असं वाटावं. पलीकडे खाडी बुजवणाऱ्या भरावाचे ढीग जवळ येत चालले होते. चिखलात एक म्हातारी खेकडे शोधत होती. नाव हिराबाई.

"काय सोधतेस गो बाय?"

"किडा, मावशी. त्याचं कुळ लावायचंय."

"किड्याला पन कूल हाय?" ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, "हितं न्हाय. त्या टोकाला हायेत."

टोकाच्या झाडावर ते खरंच होते. भिंगातून पाहिलं, नरही होते. आनंदात पाय घसरला, मी चिखलात आडवी झाले आणि स्पिरिटची बाटली दगडावर फुटली. मेलेला किडा स्पिरिटशिवाय पुण्यापर्यंत टिकला नसता. मला रडू आलं.

हिराबाईनं मला घरी नेलं, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. "मारतेस कनाला (कशाला)? जित्तेच ने." तिनं किड्यांसकट फांद्या पाण्याच्या मडक्यात खोचल्या, वर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं.

परतीच्या एसटीत मी ते मडकं मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "देवाचं आहे का?" मी नुसती मान डोलावली. घाटात फडक्याला कान लावला. आत बारीक टपटप उड्या चालल्या होत्या.

काही महिन्यांनी निकाल आला. नराची रचना आणि डीएनए दोन्हींचं एकमत होतं. सरांचं कुळ चुकलं होतं.

निकालाचा कागद घेऊन मी आधी त्यांच्या घरी गेले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला, घडी घातली. मग विचारलं,

"जिवंत पाहिलास ना तू? रंग कसा असतो?"

"हिरवा, सर. कोवळ्या पानासारखा. वर मेणाची पांढरी भुकटी."

"हिरवा," ते पुटपुटले. "मी तपकिरी लिहिलंय." आणि त्यांनी डोळे मिटले. "अजून सांग. बसतो कसा? उडतो कसा?"

दिवेलागण होईपर्यंत मी सांगत राहिले.