कुत्र्याच्या पोटातलं बियाणं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कुत्र्याच्या पिसवा वेचणं. दिवस मावळायच्या आधी ओट्यावर बसलो. बायकोनं मुंडकं धरलं, मी शेपटीकडनं सुरुवात केली. मधी साबणाच्या पाण्याची वाटी. तिच्या अकरा झाल्या, माझ्या चार.

"अवो, चष्मा लावा."

"तुझ्याच बाजूला लई हायत, त्याला मी काय करू?"

कुत्रं मजेत जांभया देत होतं.

हे सगळं सुरू झालं वाळकाच्या, म्हंजे गावठी काकडीच्या, बियांवरनं. एकाहत्तर साल असेल. आमचं गाव कोल्हारच्या पुढं, प्रवरेच्या काठाला. हिनं पेरायला वाळकाचं बी ओट्यावर सुकत घातलेलं. शेजारीच कुत्र्याचं झोपायचं पोतं. रोज त्या पोत्यावर दोन-चार बिया दिसायच्या. बी सांडलं म्हणून ही माझ्यावर डाफरायची, आणि वेचून राखेच्या गाडग्यात ठेवायची. आठ दिवस ठेवल्या. मग एके दिवशी तळहातावरची बी चालायला लागली! ती अशी किंचाळली की शेजारचा जेवता उठला. मी तर हसून हसून ओट्यावरनं खाली आलो.

बी कुत्र्याच्या बुडातनं पडतंय हे कळल्यावर मात्र मी सरळ सांगितलं, "हे कुत्रं नदीपल्याड सोडून येतो. नातू रांगाय लागलाय."

"सोडा की. माझंबी गाठुडं बांधा."

शेवटी महिन्याची बोली झाली. महिन्यात बिया थांबल्या तर कुत्रं राहील, नाहीतर जाईल.

गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, पोटात पट्टीसारखा जंत आहे, त्याचे हे तुकडे. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी गोळ्या द्या. हिनं चोरून दूधभाकरी घातली, कुत्र्यानं सगळं ओकलं. दुसऱ्या खेपेला मी कुत्र्याला नाही, हिलाच राखत बसलो. बिया थांबल्या, अन् पंधरा-वीस दिवसांनी परत दिसल्या.

डॉक्टर वैतागला. "आजोबा, कुत्रं पिसू चावून गिळतं, तिच्यातनं जंत परत येतो. पिसवा मारा, पोतं उकळा, मग गोळ्या द्या."

महिन्याला चार दिवस उरले होते. म्हणून त्या दिवशी पिसवा वेचल्या. पोतं उद्या उकळू, म्हणाली. दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली आणि तासाभरात तिचा जीव गेला. रात्रीच नदीकाठी तिचं सगळं उरकलं.

सकाळी मी अंगणात तीन दगड मांडले, पातेलं चढवलं, पोतं आत कोंबलं. भावकीतला एकजण धावत आला.

"आण्णा, सुतकात चूल पेटवली?"

"चूल न्हाई. पोतं उकळतोय."

"कुत्र्याचं?"

"मग काय तुझं?"

कालपासनं कुत्र्याला कुणी तुकडा टाकला नव्हता, चोरूनसुद्धा. मी गोळ्या त्याच्या घशात सारल्या आणि गिळेस्तोवर जबडा धरून बसलो.