गोलचक्कराच्या पलीकडची कोथिंबीर

आमच्या नगरपालिकेला हिरव्या रंगाचं भारी प्रेम. आराखडा हिरवा, त्याचं मुखपृष्ठ हिरवं, खांबांवरचे फलकसुद्धा हिरवे. रस्ता ओलांडायची सोय तेवढी राहून गेली होती. डब्लिन विमानतळाजवळच्या आमच्या घराच्या खिडकीतून दुकान दिसायचं, पण मध्ये गोलचक्कर आणि सुसाट गाड्या. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही गाडी काढायची.

बाबा गेल्यावर आई पुण्याहून पहिल्यांदाच आली. तिला करमलं तर कायमचं ठेवून घ्यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आयुष्यभर सकाळी फिरून येताना भाजी आणणारी बाई इथे कोट चढवून, माझी मीटिंग संपायची वाट बघत सोफ्यावर बसायची.

सुट्टीत तिला स्पेनच्या बास्क प्रांतातल्या एका शहरात नेलं. पहिल्याच सकाळी ती गायब! मी घाबरून शोधतेय, तर बाईसाहेब मिरच्या घेऊन हजर. भाषेचा गंध नसताना पायी शहर पालथं घालून आली होती.

"आमचा एक महापौर वर्षानुवर्षं निवडून येत राहिला," आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण कौतुकानं इंग्रजीत म्हणाली. "शहराभोवती झाडांचा पट्टा उभा केला त्यानं."

मी भाषांतर केलं. "म्हणजे झाडं वाढेपर्यंत माणूस खुर्चीत टिकला," आई म्हणाली. "बरं झालं."

आमच्याकडे महापौर दरवर्षी नवा. गळ्यातली मानाची साखळी जरा रुळते न रुळते, तोच ती दुसऱ्याच्या गळ्यात. परतल्यावर मतं मागायला एक नगरसेवक दारात आले. आईनं माझ्याकरवी विचारलं, रस्ता ओलांडायला सिग्नल कधी होणार? "ग्रँड, ग्रँड!" असं इथलं ठरलेलं 'छान, छान' म्हणत त्यांनी पत्रक हातात ठेवलं. त्यावर सुरेख झाड छापलेलं होतं. मग ते आपल्या गाडीत बसून शेजारच्या गल्लीत गेले.

त्याच आठवड्यात आईनं परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. मी भडकलेच.

"पुण्यात काय मोठे फुटपाथ लागून गेलेत? स्कूटरी चालतात त्यांवर!"

"चालू देत. तिथे माझी मी जाते. इथे मला गाडीत ठेवतात, गाडीतून काढतात. सामान झालेय मी तुझ्या घरातलं."

मला रडूच आलं. तिला सोडायलाही शेवटी गाडीच काढली. विमानतळावर मी ट्रॉली ढकलायला लागले, तर तिनं ती माझ्या हातून काढून घेतली आणि एकटी चालत आत गेली.